अक्षरबाबांचा तारा

"आला! पितरांचा तारा आला!" गर्दीतून आरोळी उठली आणि मंगल कार्यालयातली सगळी डोकी एकदम खाली गेली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एक चांदणी उमटली होती. अक्षरबाबांनी भक्ताचं नाव-गाव लिहिलं, डोळे मिटून लॅपटॉपवर बोटं टेकवली, आणि क्षणात पानभर मजकूर धडाधड उमटला. "हात माझे, अक्षरं तुमच्या पितरांची!" बाबा गरजले. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतले इंजिनिअरसुद्धा गालावर चापट्या मारून घेत होते. डिग्र्यांचं काय लोणचं घालायचं?

संपदाची मान मात्र ताठ होती. शेजारी धाकटी बहीण अंजली बसली होती, मांडीवर तिचा तनय. पोराला फिट्स यायच्या, गोळ्यांनी आटोक्यात होत्या. गेल्या आठवड्यात पडद्यावर 'औषधं बंद कर' असं उमटलं आणि अंजलीने गोळ्या गोदेत सोडल्या. कालपासून झटके पुन्हा सुरू झाले होते.

"ताई, आज पितर उपाय सांगतील. तू मध्ये बोलू नकोस हं."

पण ती चांदणी संपदाच्या रोजच्या ओळखीची होती! कारखान्यातली कामं ती साध्या मजकुराच्या एका प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवायची. त्यात मथळ्याआधी कीबोर्डवरची चांदणी टाकतात, बस्स. आणि तो वेग? प्रोग्रॅम वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर तिनेच सुचवलं होतं की दोन अक्षरं लिहून टॅब दाबला की ठरलेला मजकूर उमटावा आणि वर लिहिलेलं नाव-गाव त्यात आपोआप बसावं. रोज तेच तेच टाइप करायचा वैताग वाचावा म्हणून. बनवणाऱ्यांनी ती सोय दिलीही. तीच सोय आता भाच्याच्या जिवावर उठली होती.

ती ताडकन उठून पुढे गेली. "मला बसू द्या तिथे."

"बाईचा हात लागला की पितर कोपतात, माउली!"

"कोपू देत की!" तिने लॅपटॉप ओढला. नाव लिहिलं अक्षरबाबा, गाव नाशिक. पडद्यावर चमकून गायब होणारी ती दोन अक्षरं तिने मघाशीच हेरली होती. ती लिहून टॅब दाबला.

'बाळा अक्षरबाबा, नाशिकच्या घरात तुझा पणजोबा तहानलेला आहे. औषधं बंद कर. अक्षरबाबांना शरण जा.'

कुणीतरी फिस्सकन हसलं. "यंत्र बाटलं!" बाबा किंचाळले. मागून एक गृहस्थ ओरडले, "अहो बाई, बाजूला व्हा, आता आमचा नंबर आहे!"

तेवढ्यात तनय ताठ झाला. हातपाय झाडू लागला, तोंडाला फेस आला.

"अंगात आले! पितर आले!" बाबांनी संधी साधली. आणि त्या तडफडणाऱ्या पोराला लोकांनी हात जोडले हो, हात जोडले! संपदाने धावत येऊन त्याला कुशीवर वळवलं, शर्टाची बटणं सोडली.

"अंजू, तो मजकूर या माणसाने आधीच लिहून ठेवलाय. सगळ्यांना तोच. तुझ्या पोराला बघितलंय ते फक्त डॉक्टरांनी."

झटका ओसरला. अंजलीने पोराला उचललं आणि कुणाकडे न बघता ती दवाखान्यात जायला रिक्षाकडे धावली. मागे रांग पुन्हा लागली होती.

मंडळी, देव माना, नका मानू. पण हात जोडण्याआधी एकदा तरी विचारा, हे झालं कसं? एवढं विचारलं असतं तर त्या गोळ्या गोदेत गेल्या नसत्या.