न मोडलेला दरवाजा

मित्रांनो, सांगलीतल्या एका साध्या इमारतीचा जिना चढून दुसऱ्या मजल्यावर आलात, की डाव्या हाताला जो सागवानी दरवाजा दिसतो, तो मी. माझ्या अंगावर डिंकाचे पांढरे डाग आहेत. चौकटीला एका जागी खोल खोक पडली आहे. येणारे-जाणारे ती पाहून हळहळतात. मला मात्र त्या खोकेचा अभिमान वाटतो. का, ते सांगतो.

तासगावातल्या एका सुताराच्या दुकानात मी घडलो. द्राक्षांचा हंगाम होता. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, की माझ्या ओल्या पॉलिशवर धूळ बसायची. एके दिवशी सुभेदार नाथाजी तिथे आले. सांगलीत त्यांनी नवा फ्लॅट घेतला होता. मला बोटांनी टकटक वाजवून ते बायकोला म्हणाले, "विजयमाला, आपण म्हातारे होऊ, पण ह्यो गडी न्हाई व्हायचा."

म्हातारं होणं त्यांच्या नशिबी नव्हतं. फौजेतून निवृत्त झाले आणि थोड्याच काळात गेले. विजयमालाबाई रहिमतपूरला अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका होत्या. नोकरी असेपर्यंत त्यांनी फ्लॅट भाड्याने दिला. आटपाडीचं एक शिक्षक जोडपं बरीच वर्षं राहिलं. दसऱ्याला ते मला तोरण बांधत, ओल्या फडक्याने पुसत. ते माझे सुखाचे दिवस.

ते गेले आणि जयराज आला. लग्नांत, मिरवणुकांत साउंड लावण्याचा त्याचा धंदा. कपाटाएवढे स्पीकर त्याने घरातच आणून ठेवले. दुपारी जेवण झालं, की ते जोडून तो वाजवून बघायचा. मित्रांनो, तो आवाज कानांनी नाही, अंगाने ऐकू येतो. माझी कडी थडथड उडायची, बिजागऱ्यांचे स्क्रू एकेक फेरा सैल व्हायचे.

पण खालच्या घरापुढे माझं दुखणं काहीच नव्हतं. आमच्या बरोबर खाली नानासो राहायचे. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची वाचा गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सराव करून घ्या, बोलणं परत येईल. म्हणून त्यांच्या पत्नी सुलाबाई दुपारी कामं आवरून त्यांच्यासमोर बसायच्या. "म्हना, पा... णी." नानासो ओठ जुळवायचे, आणि नेमका वरून दणका बसायचा. ते दचकायचे, गप्प व्हायचे आणि चांगल्या हाताची मूठ खाटेवर आपटायचे.

सुलाबाई वर येऊन मला ठोठावायच्या. "आवं, जरा आवाज कमी करा की! आमचे हे आजारी हायती."

"मावशी, धंदा हाय आमचा," जयराज म्हणायचा. "खिडक्या लावून घ्या." आणि मला धाडकन लोटून द्यायचा.

शेवटी सुलाबाईंनी विजयमालाबाईंना फोन केला. बाई रहिमतपूरहून आल्या. त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता स्वतःच इथे राहणार होत्या. भाडेकराराची मुदतही संपली होती. जयराज हसून म्हणाला, "दिवाळी झाली की सोडतो, काकू." दिवाळीनंतर म्हणाला, "लगीनसराई होऊ द्या." त्यानंतर तो फोनच उचलेना.

पोलिसांनी आवाजाबद्दल समज दिली. चार दिवस शांतता होती, मग पुन्हा सुरू. जागा खाली करून देणं आमच्या हातात नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "बाई, पाणी तोडा, लाईट तोडा. आपोआप पळेल."

"आत त्याची बायको हाय, लेकरू हाय," बाई म्हणाल्या. "मी पाणी तोडणार न्हाई. पण घर घेतल्याशिवाय गप्पही बसणार न्हाई."

त्यांनी वकील गाठला. मुदत संपलेल्या भाडेकरारांची प्रकरणं पुण्याच्या सरकारी कार्यालयात चालत, म्हणून अर्ज तिथे करायचा होता. बाईंचे गुडघे दुखत, तरी त्या एसटीने पुण्याला जायच्या, तारीख पुढे गेली की परत यायच्या, आणि पुन्हा जायच्या. नोटिसा माझ्यावर चिकटायच्या. जयराज त्या टराटरा फाडायचा. डिंक तेवढा माझ्या अंगावर राहायचा.

एका रविवारी सकाळी बाईंचा पुतण्या वीरधवल जिना चढून आला. फौजेतून सुट्टीवर आला होता. सोबत तालमीतले दोन मित्र, हातात पहार. जयराज बाहेरगावी गेला होता. वीरधवलने पहारेचं टोक माझ्या आणि चौकटीच्या फटीत घातलं आणि जोर दिला. लाकूड कडकडलं, चौकटीला खोक पडली. आत लहान मूल रडायला लागलं.

सुलाबाईंकडे मुक्कामाला असलेल्या विजयमालाबाई आवाज ऐकून धापा टाकत वर आल्या आणि मला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"वीर, पहार खाली ठेव."

"काकी, तुमी बाजूला व्हा. तुमचं घर हाय ह्ये!"

"माझं हाय म्हणूनच सांगते."

"कवापर्यंत पुण्याला चकरा मारणार? गुडघं गेलं तुमचं!"

"गुडघे माझे हायत, मी बघते. दार मोडलंस तर तुझी नोकरी जाईल. आन् तो माझ्याच घरात बसून माझ्यावर केस घालंल. मी सरळ वाटेनं घेणार. वेळ लागू दे."

पहार खाली टेकली. मला आतून साखळीपुरतं कुणीतरी उघडलं. मूल कडेवर घेतलेली जयराजची बायको अंकिता होती. बाई तिला म्हणाल्या, "पोरी, तुझ्या अंगाला कुणी हात लावणार न्हाई. पण हे घर तुमाला सोडावं लागंल. दोन्ही ऐकून ठेव."

अंकिताने मान हलवली आणि मला हळूच लावून घेतलं.

पुढच्या तारखेला जयराजने सांगितलं, बाईंनी गुंड पाठवून दरवाजा फोडला. त्या दिवशी अंकिताही सोबत गेली होती. अधिकाऱ्यांनी तिला विचारलं. ती खाली बघत, पण स्पष्ट बोलली, "न्हाई साहेब. दार शाबूत हाय. काकू स्वतः आडव्या उभ्या राहिल्या." परत आल्यावर जिन्यात बाईंनी सुलाबाईंना हे सांगितलं, म्हणून मला कळलं.

जागा सोडण्याचा हुकूम झाला. जयराज तरी हलेना. अखेर सरकारी माणूस पोलिसाला घेऊन आला, तेव्हा मला अंकितानेच सताड उघडलं. तिचं सामान आधीच बांधून तयार होतं. स्पीकर एकामागून एक जिना उतरले. सुलाबाईंनी अंकिताच्या मुलाच्या हातात बेदाण्यांची पुडी दिली.

दुसऱ्या दिवशी विजयमालाबाई राहायला आल्या. बिजागऱ्या बसवायला सुतार आला आणि त्याने हातोडी उचलली. बाईंनी त्याला थांबवलं. त्या एकेक पायरी धरत खाली गेल्या आणि सुलाबाईंच्या दारात उभं राहून म्हणाल्या, "दरवाजा नीट करायचाय. थोडी ठोकाठोक होईल. आत्ता केली तर चालंल का?"

सुलाबाईंनी नानासोंनाच विचारलं. मग जिन्यातून एक जाड, अडखळता आवाज वर आला.

"हो... ऊ... द्या."

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. भिंतीपलीकडे, जमिनीखाली, छतावर कुणीतरी राहतं. हातोडी उचलण्याआधी त्याला एकदा विचारा. आणि तुमच्या हक्काचं घर कुणी अडवून बसलं, तर पहार घेऊ नका, पण माघारही घेऊ नका.

सुताराने पहिला घाव घातला. खाली कुणी दचकलं नाही.