तिसरं टोक

मी एक जुना, डोक्याला बांधायचा रुमाल आहे, मित्रांनो. जूनमधल्या एका सकाळी रुबेनने पेटी उघडली आणि माझी घडी गेल्याचं घरात कळलं. मी आत सपाट पडलो होतो. मऊ, साबणाचा वास येणारा.

"हा कोणी धुतला?"

शेजारची धनराजी दारातच थबकली. "मीच, काका. आमच्यात घरातलं माणूस गेलं की सगळे कपडे धुवून काढतात. तुम्ही एकटे, म्हटलं तेवढीच मदत."

"अगं बाई, याला पाणी लावत नाहीत!"

"मग तेव्हाच का नाही बोललात? दोन दिवस दोरीवर होता, तुमच्या डोळ्यांसमोर!"

रुबेनने मला पेटीबाहेर काढलं. त्या दिवसांत त्याला दोरी दिसतच नव्हती.

आमच्या राजधानीच्या, पारामारिबोच्या बाजारातून मला अर्लीनने आणलं, रुबेनच्या बायकोने. कसावाच्या कंदाची खळ देऊन तिने मला पत्र्यासारखं ताठ केलं, दुमडलं, टाचण्या लावल्या. आमच्याकडे रुमालाची घडी बोलते. एक घडी म्हणते, 'बोलू दे लोकांना.' दुसरी म्हणते, 'कोपऱ्यावर थांब.' माझी घडी होती 'अजून दहा वर्षं'. गुलामी संपली त्या एक जुलैला सरकारने आमच्या माणसांना सांगितलं होतं, सुटलात, पण अजून दहा वर्षं मळ्यांवरच राबा. तेव्हा अर्लीनच्या पणजीच्या आजीने ही घडी काढली. दोन टोकं वर, तिसरं मागे दडवलेलं. ती आईकडून मुलीकडे येत राहिली.

दर एक जुलैला मी अर्लीनच्या डोक्यावरून मिरवणुकीत गेलो. शेवया विकणारी, जावा बेटावरून आलेल्यांच्या घरातली सकिनेम ओरडायची, "आली बघा ताठ मानेची! अगं, खाली बघ, खड्डा आहे!"

नात शार्मेन शिकायला मागे लागली की अर्लीन म्हणायची, "पुढच्या वर्षी. आत्ता हात खळीत आहेत." एप्रिलमध्ये ती गेली.

पेटी उघडली त्या सकाळपासून मला चैन नाही. घडी परत बसवायला रोज खळ, रोज इस्त्री, रोज टाचण्या, आणि पुन्हा सोडणं. माझे काठ विरायला लागलेत. धनराजीने वीस वर्षं कुंपणावरून पाहिलेलं आठवून आठवून दोन टोकं बसवली.

"ओपा," शार्मेन आजोबांना म्हणाली, "तुम्ही चाळीस वर्षं तिच्या मागून चाललात. मागचं टोक तुम्हीच पाहिलं असणार."

"मी टोक बघत होतो होय?" रुबेन म्हणाला. "मी तिला बघत होतो."

धनराजीने डोळ्यांना पदर लावला आणि पुन्हा टाचण्या हातात घेतल्या.

मित्रांनो, तुमच्या घरात ज्यांच्या हातांना काही येतं, त्यांच्याजवळ याच वर्षी बसा. त्यांचे हात खळीत असले तरी बसा.

उद्या एक जुलै आहे. शार्मेन मला बांधून मिरवणुकीत जाणार आहे. तिसरं टोक अजून बसलेलं नाही.