मी किलोवर जाणार नाही

मित्रांनो, सगळ्यात आधी एक गोष्ट नीट ऐकून घ्या. मी भंगार नाही. मी एक जुनी लेथ आहे. ठाण्याच्या कोलशेत भागात एका गाळ्यात पाय रोवून उभी आहे आणि अजूनही केसाएवढ्या फरकाने लोखंड कापून दाखवते. ज्याला खोटं वाटत असेल त्याने खुशाल दांडा घेऊन यावं.

लेथ म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. त्यात तुमचा दोष नाही. तुम्ही पंखा पाहता, पंप पाहता, रिक्षा पाहता. पण त्यांच्या पोटातले गोल दांडे आणि आटे पाडलेले बोल्ट कुठे घडतात, हे तुम्हाला कुणी दाखवतच नाही. ते माझ्याकडे घडतात. माझ्या जबड्यात लोखंडाचा दांडा घट्ट पकडायचा आणि मोटर सुरू करायची. दांडा गरगर फिरू लागला की धारदार हत्यार हळूच त्याच्या अंगाला लावायचं. मग बटाट्याची निघावी तशी लोखंडाची साल निघते, कुरळी आणि चांगलीच गरम.

माझा जन्म पंजाबातल्या बटाल्याचा. तिथून ट्रकवर पडून आठ दिवस धूळ खात मी ठाण्यात आले. मला आणलं उत्तमने. तो कोलशेतच्याच एका मोठ्या कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीर, होता. कारखान्याला टाळं लागलं आणि सगळ्यांच्या हातावर हिशेब ठेवून त्यांना घरी पाठवण्यात आलं. कुणी त्या पैशातून घर रंगवलं, कुणी मुलीचं लग्न केलं. उत्तमने मला विकत घेतलं. त्याच्या आईने, हौसाबाईंनी, मला पाहिलं आणि उत्तमच्या बायकोसमोरच कपाळाला हात लावून त्या म्हणाल्या, "ही माझी दुसरी सून. खायला वीज लागती, पण उलट बोलत न्हाई." तेव्हापासून मी त्या घरची सून झाले.

माझी ऐन उमेदीची वर्षं फार सुखाची गेली. एका मोठ्या कंपनीच्या पंपांचे शाफ्ट, म्हणजे मधले दांडे, आमच्याकडे व्हायचे. सकाळी आठला मोटर सुरू झाली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला दम खायला फुरसत नसे. उत्तम आणि त्याचा मदतनीस कुंडलिक आळीपाळीने मला चालवत. एकदा कंपनीचा इंजिनिअर आला आणि म्हणाला, "उत्तमराव, तुमचा माल आम्ही तपासतसुद्धा नाही." एवढ्या एका वाक्याने उत्तमच्या डोक्यात हवा गेली. दुसऱ्याच दिवशी त्याने दारावर स्क्रूने पाटी बसवली: 'फक्त कंपनीची कामे. किरकोळ कामे घेतली जात नाहीत.' त्या पाटीचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. आज त्या अभिमानाची लाज वाटते, आणि ती मी लपवणार नाही.

मंदी आली ती मला कळली गणूच्या किटलीवरून. गणू आमच्या रांगेतल्या गाळ्यांना चहा पोचवायचा. पूर्वी सकाळी अठ्ठावीस ग्लास यायचे. बाहेर लोक पंप घ्यायचे थांबले, म्हणून कंपनीने माल अर्ध्यावर आणला, मग बंदच केला. शेजारच्या गाळ्यांचंही तेच झालं. ग्लास पंधरावर आले, मग सहावर. डाव्या हाताचा गाळा बंद झाला, मग उजव्या हाताचे दोन, मग रांगेतले बाकीचेही. त्यांच्या मशिनी भंगारात गेल्या. कुंडलिकला उत्तमने घरी पाठवलं, तेव्हा दोघंही एकमेकांकडे न बघता माझ्याकडेच बघत होते. बघा मित्रांनो, कुठल्या तरी मोठ्या कचेरीत एक कागद थांबला आणि इथे गणूच्या घरचं दूध कमी झालं.

याच दिवसांत संचिता आली. वर्तकनगरमध्ये ती पिठाची गिरणी चालवते. नवऱ्याची नोकरी गेल्यावर घर त्या गिरणीवरच उभं आहे. गिरणीचा शाफ्ट झिजला होता. बाहेरून मागवायला दिवस लागणार, म्हणून ती नवा बनवून मागत होती. उत्तम तिला काय म्हणाला असेल? त्याने पाटीकडे बोट दाखवलं! मी पंधरा दिवस रिकामी उभी होते. माझ्या अंगावर धूळ साचली होती. मला हात असते तर त्या दिवशी मी उत्तमचा कान धरला असता.

शेवटी उत्तम हरला. ज्या कारखान्यात तो टर्नर होता, त्याच जागेवर आता उंच इमारती आहेत. त्यांच्या फाटकावर त्याने पहारेकऱ्याची नोकरी धरली. पहारा देणं हलकं काम नव्हे, पण ते त्याचं काम नव्हतं. निळा गणवेश आणून त्याने माझ्याच हँडलला टांगला. मग भंगारवाल्या काळुरामला बोलावून तारीख ठरवली. ती ठरवताना त्याने तारीख पाहिली, तिथी पाहिली नाही. इतक्या वर्षांत जे कधी चुकलं नव्हतं, ते डोक्यातल्या काळजीने चुकलं. तो दिवस खंडेनवमीचा होता.

मित्रांनो, खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी मशीन चालवत नाहीत आणि पूजेला बसलेली वस्तू दसऱ्यापर्यंत जागची हलवत नाहीत. हौसाबाईंना काळुरामचं काहीच ठाऊक नव्हतं. त्या नेहमीप्रमाणे सकाळीच आल्या. त्यांनी मला पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि नारळ ठेवला. उत्तम दुपारी आला आणि दारातच थिजला.

त्याच्या मागून कुंडलिक आला. काम सुटलं होतं, पण पूजा चुकवणं त्याला जमलं नव्हतं. मग शेजारच्या बंद गाळ्यांतले कारागीर आले. त्यांच्या मशिनी केव्हाच गेल्या होत्या. कुणी जाडी मोजायचा मायक्रोमीटर आणला होता, कुणी पाना, कुणी जुनी पट्टी. अख्ख्या रांगेत उभी होते ती मी एकटी. त्यांनी आपापली हत्यारं माझ्या पायाशी ठेवली. गणूने किटली ठेवली. मला गहिवरून आलं, हे मी सांगून टाकते.

तेवढ्यात टेम्पो येऊन थांबला. काळुराम टांगता काटा, साखळी-कप्पी आणि पाच-सहा हमाल घेऊन आत आला आणि एवढी माणसं बघून बावचळला.

"उत्तमशेठ, हे काय? आपलं आजचं ठरलेलं ना? टेम्पो भाड्याने आणलाय मी."

हौसाबाईंनी मान वळवली. काटा पाहिला, मग हँडलवरचा गणवेश पाहिला. सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"उत्तम, सून कुणी किलोवर देतं का रं?"

"आई, काम नाहीये गं. मी तरी काय करू? कंपनी परत येणार नाही."

"काम नाही कसं?" हा आवाज दारातून आला. संचिता तिथे पिशवी घेऊन उभी होती. "काका, मी मागे आलेले, तुम्ही पाटी दाखवलीत. आज परत आलेय. तोच शाफ्ट कसाबसा चालवला, आता गिरणी तीन दिवस बंद आहे. दिवाळीच्या भाजण्या तोंडावर आल्यात आणि बायका डबे परत घेऊन जातायत. आता पाटी नका दाखवू."

तिने पिशवीतून झिजलेला शाफ्ट काढला आणि सगळ्यांच्या हत्यारांशेजारी, माझ्या पायाशी ठेवला.

गणू चाचरत म्हणाला, "माझ्या स्टोव्हचा पण एक नट गेलाय, उत्तमदादा. पाटी बघून कधी बोललोच नाही."

"माझ्या मेव्हण्याच्या रिक्षाचा बुश पण झिजलाय," एक कारागीर म्हणाला.

उत्तम पुढे आला. मग त्याने पूजेतला स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

"अरं, पूजेतलं हाय ते," हौसाबाई म्हणाल्या.

"पाप माझ्या डोक्यावर," असं म्हणत तो दाराशी गेला आणि त्याने एकेक स्क्रू काढून पाटी खाली उतरवली.

काळुरामने ते पाहिलं. आता तो हमालांना म्हणाला, "चला रे, पूजेतली मशीन मी नाय उचलत. माझ्या पण घरी काटा पूजेला बसतो, आज माझ्याही ध्यानात नाय आलं." पण जाताजाता तो थांबला. माझं वजन करायला आणलेला तो काटा त्याने इतर हत्यारांसोबत माझ्या पायाशी ठेवला आणि हात जोडले. हौसाबाईंनी काट्यालाही कुंकू लावलं.

दसऱ्याला पूजा उतरली आणि उत्तमने मोटर सुरू केली. पहिली साल निघाली ती संचिताच्या शाफ्टची. संध्याकाळी वर्तकनगरची गिरणी सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी तिने हौसाबाईंना थालीपिठाचं पीठ पाठवलं. निळा गणवेश घडी करून परत गेला.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. कंपनी परत आली नाही. कुंडलिकला अजून अर्धाच दिवस काम आहे. शेजारचे गाळे बंदच आहेत. मंदी माझ्या दारातच उभी आहे, मला ठाऊक आहे. उभी राहू दे. मीही उभी आहे.

मित्रांनो, तुमच्या आसपास एखादी जुनी मशीन गप्प उभी दिसली, एखादा कारागीर हात बांधून बसलेला दिसला, तर त्याची किंमत विचारायच्या आधी त्याला काय येतं ते विचारा. आणि तुमच्या घरचं काहीतरी मोडलं, तर ते घेऊन त्याच्या दारात जा. आमची काळजी घेणं म्हणजे एवढंच.

गेल्या आठवड्यात काळुराम पुन्हा आला. टेम्पो आणि काटा बरोबर होताच. माझ्या पायाशी लोखंडाच्या कुरळ्या सालींचा ढीग साचला होता. त्याने तो गोणीत भरला, काट्याला टांगला आणि किलोवर घेऊन गेला. त्या गोणीत मी नव्हते. मी पुढचा दांडा कापत होते.