मास्तरांचा लॅपटॉप

उदेभान मास्तरांनी खिशातून टेप काढली आणि काउंटरवरच्या लॅपटॉपचे माप घेतले. आधी लांबी, मग रुंदी. गिऱ्हाइकाचे खांदे मोजावेत इतक्या गंभीरपणे.

"मोठा होते," ते म्हणाले आणि टेप गुंडाळून ठेवली.

"अंकलजी, बडी स्क्रीन के लिए तो लोग ज्यादा पैसा देते," दुकानाचा मालक विक्की म्हणाला. "सगळे मोठाच मागतात."

"ते टेबलावर ठेवत असतीन. मले मांडीवर घेऊन खाली बसा लागते. अन् ह्या पिशवीत बसला पायजे."

मास्तरांनी जुन्या मखमली पडद्याच्या तुकड्याची पिशवी पुढे केली. लॅपटॉप घ्यायच्या आधीच त्यांनी ती शिवून आणली होती, आपल्या नाटकाच्या वहीच्या मापाची. आधी कपडा शिवायचा आणि मग त्यात बसणारा माणूस शोधायचा, असा हा प्रकार. विक्कीने हताशपणे मास्तरांसोबत आलेल्या दोघांकडे पाहिले. बकाराम पोट धरून हसत होता आणि रुचिका त्याला कोपराने ढोसत होती.

तिघेही सौंदडहून सकाळच्या गाडीने गोंदियाला आले होते. मास्तर एरवी शिंपी, पण दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की भैयाजीच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. आज एका गावात एक नाटक, उद्या दुसऱ्या गावात दुसरे. तालमीला वेळ कोणाला? स्टेजच्या पुढ्यात, पेटी-तबल्याच्या बाजूला मास्तर मांडी घालून बसत, हळूच वाक्य देत आणि वर उभा असलेला नट ते उचले. असे चौतीस हंगाम. ज्या संवादांवर बायाबापड्या डोळ्यांना पदर लावत, ते सगळे आधी मास्तरांच्या तोंडून निघालेले असत. मास्तरांचा चेहरा मात्र कोणी पाहिलेला नसे, कारण ते कायम लोकांकडे पाठ करून बसलेले. त्याचे त्यांना काही नव्हते. तक्रार एकच होती: दिलेले वाक्य एकही नट जसेच्या तसे घेत नाही. अर्धे गिळतो आणि अर्धे पदरचे घालतो.

गेल्या हंगामात मात्र घोटाळा त्यांच्याच हातून झाला. डोळे आधीच अधू झाले होते, त्यात वहीची बरीच पाने एकदम उलटली आणि खलनायकाला गोळी घालण्याचा संवाद त्यांनी पहिल्याच अंकात देऊन टाकला. खलनायक होता बकाराम. बिचाऱ्याने तोवर एकही वाईट काम केले नव्हते, तरी मरून पडला. दुसऱ्या अंकात त्याला स्वतःचाच जुळा भाऊ होऊन परत यावे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांनी सांगितले, आहे तेवढी नजर टिकेल, पण बारीक अक्षर आता विसरा. भैयाजी वाईट माणूस नव्हता. "मंडईपर्यंत पाहू, मास्तर," तो म्हणाला होता, "नाहीच जमलं तं दुसरा मानूस पाहा लागन." मंडई आता आठ दिवसांवर आली होती. शिलाई बोटांना कळते, संवाद बोटांना कळत नाहीत, हे मास्तरांना ठाऊक होते. ती जागा गेली तर आपण उरलो कशाला, असे त्यांना वाटे. पण हे ते कोणापाशी बोलले नव्हते. लॅपटॉपची कल्पना रुचिकाची. ती कंपनीची नायिका. तिच्या मुलीने, भूमिकाने, यंदाची चारही नाटके मोठ्या अक्षरांत टाइप करून पेनड्राइव्हवर दिली होती.

विक्कीने दुसरा लॅपटॉप काढला. तो सुरू होताच ढँग असा आवाज झाला.

"हा नाही चालत," मास्तर म्हणाले. "हिरोइन मरून राहिली असन अन् खालून हा वाजन."

"आवाज बंद होतो, अंकल."

मास्तरांनी त्याला कान लावला. "अन् हे घरघर?"

"पंखा आहे आतमध्ये."

"नको गा. नटीचा श्वास आयकू आला पायजे मले."

तिसरा लॅपटॉप लहान होता, राखाडी, पंखा नसलेला. पिशवीत अलगद बसला. मास्तर तो घेऊन सरळ दुकानाच्या फरशीवरच मांडी घालून बसले. विक्की "अरे, खुर्ची, खुर्ची!" म्हणेपर्यंत रुचिका समोर जाऊन उभी राहिली होती. भूमिकाने टाइप केलेले नाटक उघडले गेले. मास्तरांनी उजेड कमी करायला लावला, आणखी कमी, मग अक्षर मोठे, आणखी मोठे.

"हे बटन दाबलं का पान पलटते?"

"हो."

"एकच? दोन तं नाही पलटत?"

"एक दबाओगे तो एकच पलटेल, अंकलजी."

मास्तरांनी ते बटण चार वेळा दाबून खात्री केली. मग स्क्रीनवर वाकून एका अक्षरावर बोट ठेवले.

"का झालं, मास्तर?" रुचिकाने विचारले.

"अनुस्वार दिसून राहिला वो," ते म्हणाले. "दोन वर्सं झाले, अनुस्वार नोहोता दिसला."

मग त्यांनी वाक्य दिले. रुचिकाने उचलले. दुकानातली गिऱ्हाइके थांबली. बकाराम खलनायक होऊन प्रिंटरच्या खोक्याआडून आला आणि तिच्यावर ओरडला. एक पान झाले, दुसरे झाले, एकही वाक्य चुकले नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मास्तर पाठमोरेच बसून होते.

"हाच देजो," बकाराम विक्कीला म्हणाला.

मास्तर पैशांसाठी खिशात हात घालू लागले तेव्हा विक्की हसला. "पैसे का तो कल ही हो गया. भैयाजीचा फोन आला होता, जो पसंत पडेल तो द्या म्हणून. सगळ्या कलाकारांकडून आहे."

"माह्यासाठी कायले?"

"तुह्यासाठी कोन करते?" बकाराम म्हणाला. "मले पहिल्या अंकात मराचं नाही, म्हनून."

त्या दुकानात नवीन वस्तू घेणाऱ्याचा व्हिडिओ काढायची पद्धत होती. विक्कीने मास्तरांना खोके घेऊन दारात उभे केले. "दो शब्द बोल दो, अंकलजी."

मास्तरांनी तोंड उघडले. काही आले नाही. सगळे त्यांच्याकडे पाहत होते, आणि असे सगळ्यांनी पाहण्याची त्यांना सवय नव्हती. किती सांगायचे होते! ही शांतता त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. वर उभ्या नटाचे वाक्य गेले की अशीच शांतता पडते, आणि ती मोडायला खाली मास्तर असतात.

मागून, ओठ न हलवता, रुचिका हळूच म्हणाली, "माझी माणसं फार चांगली आहेत."

"माझी माणसं फार चांगली आहेत," मास्तर म्हणाले.

"यंदाही मी खाली बसणार आहे."

"यंदाही मी खाली बसणार आहे."

"आणि त्यात बकाराम सगळ्यांत गुणी," दुसऱ्या बाजूने बकाराम कुजबुजला.

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले होते. त्यांनी तेही वाक्य म्हटले, जसेच्या तसे, एक शब्दही इकडचा तिकडे न करता.