मापात आलेला माणूस

विपुल पेडणेकरने वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत शर्ट कधी आत खोचला नव्हता. खोचला की पोट पुढे येतं, आणि पोट पुढे आलं की घाटकोपरच्या भटवाडीतलं शेंबडं पोरसुद्धा फुकटचा सल्ला देतं. म्हणून बाहेर सोडलेला काळा नाहीतर गडद निळा शर्ट हाच त्याचा गणवेश. फोटोची वेळ आली की तो मागच्या रांगेत जायचा, आणि मागे रांग नसेल तर कुणाचं तरी मूल उचलून पोटापुढे धरायचा. दुकानात सेल्समन त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून, त्याने तोंड उघडायच्या आतच "तुमच्या साइजमध्ये नाही येणार" म्हणायचा. विपुल हसायचा. जाड माणसाला हसावंच लागतं, नाहीतर लोक म्हणतात याला गंमत कळत नाही.

सगळ्यात मोठी फजिती झाली ती चुलतबहिणीच्या लग्नात. नवरीचा भाऊ म्हणून नवरदेवाचा कान पिळायला त्यालाच उभं केलं होतं. कान पिळून झाला, आणि नवऱ्याकडच्यांनी मानाचा ब्लेझर भर मांडवात त्याच्या अंगावर चढवायला घेतला. तो खांद्यातच अडकला. दोघं बाह्या ओढत होते, तिसरा पाठीवर थोपटत "श्वास सोडा, श्वास सोडा" सांगत होता, आणि हॉलभर हशा पिकला होता. त्या दिवशी विपुल पंगतीला बसलाच नाही.

यंदा सख्ख्या बहिणीचं, जान्हवीचं, लग्न मार्गशीर्षात ठरलं. कान पिळणार विपुलच, दुसरा भाऊ होता कुठे? आणि नेमका श्रावणापासून तो बारीक होऊ लागला.

आधी पट्ट्याचं एक भोक आत गेलं, मग दुसरं. गणपतीत मंडळाची पोरं ओरडली, "विप्या, झकास रे! जिम लावलीस काय?" ऑफिसातली विनिता पाच वर्षांत त्याच्याशी फायलीपलीकडे बोलली नव्हती, ती म्हणाली की हा रंग तुला छान दिसतो. विपुलने आयुष्यात पहिल्यांदा पांढरा शर्ट घेतला आणि आत खोचला. त्याची चाल बदलली. मीटिंगमध्ये त्याने साहेबाचं म्हणणं खोडून काढलं, आणि साहेबाने ऐकून घेतलं. डोकं तेच, मुद्दे तेच, फक्त पोट गेलं होतं. जग हलकट आहे हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. ते आपल्या बाजूने हलकट झालं की किती गोड लागतं, हे मात्र नव्याने कळत होतं.

खरं म्हणजे त्याने काहीच केलं नव्हतं. जिम नाही, डाएट नाही. दोन घास पोटात गेले की पोट गच्च व्हायचं, पाठीतून कळ निघायची. विचारणाऱ्याला तो सांगायचा, "सातनंतर जेवत नाही, बस." त्याची बायको कल्पिता मैत्रिणींना तेच कौतुकाने सांगायची.

आई, सगुणाबाई, तेवढी हुरळली नाही. श्रावण संपल्यावर तिने हौसेने बांगडे तळले, आणि लेक ताट सरकवून उठला.

"माका ह्या बरा दिसना नाय," ती म्हणाली. "मालवणी माणूस बांगडो टाकून उठता? आधी डाक्टराक दाखव."

"जाडा होतो तेव्हा बोलायचीस, आता बारीक झालो तरी बोल!"

तरी कल्पिताने त्याला गल्लीतल्या डॉक्टरांकडे पिटाळलं. त्यांनी पोट दाबलं, डोळ्यांत पाहिलं, आणि वजन मुद्दाम उतरवताय का, असं विचारलं. विपुल शर्ट पुन्हा आत खोचत राहिला. "याच आठवड्यात सोनोग्राफी करून या," डॉक्टर म्हणाले. "थांबू नका."

विपुलला आतून कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच तो सोनोग्राफीच्या दारापर्यंत जाऊन माघारी फिरला. काही निघालं तर हॉस्पिटल, सलाइन, सुजलेलं तोंड, आणि बहिणीच्या लग्नात पुन्हा लोकांच्या त्याच नजरा. एवढं लग्न होऊ दे, मग बघू. घरी येऊन त्याने सांगितलं, "सगळं नॉर्मल. ॲसिडिटी आहे." कल्पिताने देवापुढे साखर ठेवली.

दिवाळीत होणारा जावई सर्वेश फराळाला आला आणि म्हणाला, "दादा, ब्लेझरचं माप सांगा." विपुलने छातीचा आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा खणखणीत सांगितला. त्यानंतर आठवड्याभरातच चंदर टेलरने त्याची पँट परत केली. "शेठ, हिला अजून आत घेता येणार नाही. मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भिडलेत."

"मग नवीन शिव की!" विपुल ऐटीत म्हणाला.

मुलुंडच्या हॉलमध्ये तो प्रत्येक फोटोत पुढे उभा राहिला. अक्षता पडल्या, विधी सुरू झाले, त्याने सर्वेशचा कान पिळला. मानाचा ब्लेझर अंगावर आला तो अडकला नाही. तो खांद्यांवरून खाली उतरला आणि बाह्या बोटांपर्यंत आल्या. माप दिवाळीतलं होतं. "अरे वा, अजून उतरला की!" कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या. विपुलने हसत दोन्ही हात खिशात घातले आणि ब्लेझर नीट बसलेला दिसावा म्हणून आतून कापड मुठीत आवळून धरलं. फोटो छान आला. पहिल्या रांगेत सगुणाबाई तोंडाला पदर लावून रडत होती. लेक सासरी चालली म्हणून रडतेय, असं सगळ्यांना वाटलं.

लग्नानंतर चारच दिवसांत त्याचे डोळे पिवळे झाले. कल्पिता त्याला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. स्कॅन झाल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना बसवून घेतलं. स्वादुपिंडात गाठ होती आणि ती यकृतात पसरली होती.

"तीन महिने आधी आला असतात तर ऑपरेशनचा विचार तरी करता आला असता," त्या म्हणाल्या.

"असं कसं, मॅडम?" कल्पिता उसळली. "तेव्हा याने टेस्ट केली होती. सगळं नॉर्मल होतं. सांग ना रे त्यांना!"

"केलीच नाही मी," विपुल म्हणाला.

"म्हणजे?" तिचा आवाज एकदम खाली आला. "का?"

भीती वाटली, सुट्टी मिळाली नाही, लग्नाची धावपळ होती, यातलं काहीही सांगता आलं असतं. पण खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

"चांगला दिसत होतो गं मी."

तो चांगला दिसतो, हे कल्पिताच तर रोज सकाळी दारात उभी राहून त्याला सांगत होती.