चार बोटं उणी

चांदीचं पोट इतकं फुगलं होतं की गोठ्याच्या दारातून तिला बाहेर काढताना खेमराजला दाराचा एक खांब उपटावा लागला. सिहोऱ्यातल्या शहाण्यांना, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच, खात्री होती की गाईच्या पोटात जुळं आहे.

खेमराजच्या बायकोला, रुखमाला तर स्वप्नच पडलं होतं. माहेरची, भाताला पाणी पाजणारी बोडी काठोकाठ भरलेली, आणि त्या पाण्यात एक सोडून दोन चांद. उठल्या उठल्या तिनं तुमसरच्या बाजारातून दोन घुंगरं मागवली. चांदी म्हणजे तिच्या आईनं आंदण दिलेल्या गाईची लेक. आई गेली, ती गाय गेली, माहेरचं म्हणावं असं दावणीला आता एवढंच उरलं होतं. म्हणून ती येता-जाता त्या पोटावर हात ठेवून उभी राही आणि उभ्या उभ्या तिची तंद्री लागे. किती भरलेलं, किती साजरं! तिला तो आकार सोडवतच नसे.

पण चांदी तणसाला तोंड लावीना. बसली की उठेना, उठली की धापा टाकी. तरी शेजारची शेवंताबाई म्हणायची, "दोघांचं ओझं हाय बाप्पा, जड जाईनच."

त्याच आठवड्यात गुरांच्या दवाखान्यात नागपूरचे डॉक्टर जीपमधून एक नवं यंत्र घेऊन आले. जनावराच्या पोटात टीव्ही लावतात अशी आवई उठली. माणसांचा टीव्ही गावात एकच, त्यामुळे गाईचा बघायला अर्धं गाव जमलं.

खेमराजनं तिथं आणलेल्या चांदीच्या कुशीला डॉक्टरांनी चिकट मलम चोपडलं आणि मूठभर आकाराचं काहीतरी तिथं दाबून धरलं. जनरेटर घुमत होता. पडद्यावर काळंच काळं.

"अंधारच दिसून राहिला जी," रुखमा म्हणाली.

"अंधार नाही बाई, पाणी. या यंत्रात पाणी काळं दिसतं."

पाणी म्हटल्यावर रुखमाचा जीव हलका झाला. ती वाकली. ते काळं पसरत गेलं, आणि ती दवाखान्यात राहिलीच नाही, माहेरच्या बोडीच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, जाऊन उभी राहिली. गार वारा, कमळाच्या पानांचा वास. दूर एका कोपऱ्यात काहीतरी पांढुरकं लुकलुकत होतं. एक चांद.

"दुसरा कुठी हाय?"

"दुसरं नाही," डॉक्टर म्हणाले. "जुळं नाही हे. एकच आहे, अन् वाढलेलंच नाही. बाकी सगळं पाणी साचलंय. आजच हळूहळू सोडावं लागेल."

"अन् वासरू?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "ते वाचणार नाही. पाणी तसंच ठेवलं तर दोघंही जातील."

"पन जित्तं हाय ना? हालून राहिलं."

"हो. काळीज आहे ते त्याचं."

खेमराज हळूच म्हणाला, "दोन दिवस थांबून पाहू का व?"

रुखमालाही तेच हवं होतं. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी तिला डॉक्टरांचा रागच आला. पण नजर त्या काळ्या पाण्यावर गेली आणि तिला बाप दिसला.

तिचा बाप, गोमाजी, बोडीवरचा पाणकर. कोणाच्या भाताच्या बांधीला केव्हा पाणी द्यायचं ते त्याच्या हाती. एका श्रावणात बोडी तुडुंब झाली. लोक म्हणाले, गोमाजी, मोरी उघड, पाणी जाऊ दे. तो पाळीवर बसून राहिला. म्हणाला, "आजच्या दिवस राहू द्या, केवढी साजरी दिसून राहिली!" पहाटे पाळ फुटली. कमळं, मासोळ्या, बांध्यांतलं नुकतं लावलेलं भाताचं रोवणं, सगळं एका लोंढ्यात गेलं. त्यानंतर मोरी उघडण्याआधी तो पाण्याला हात लावून म्हणायचा, "जाय माय, वाटेवाटेनं जाय."

रुखमानं चांदीच्या पोटावर शेवटचा हात फिरवला.

"सोडा जी," ती म्हणाली. "पन हळू सोडा."

कुशीतून नळी घातली. दिवसभर पाणी येत होतं, थांबत होतं, पुन्हा येत होतं. एक बादली भरली की डॉक्टर विसावा घेत, आणि रुखमा चांदीच्या कानाशी पुटपुटे, "जाय माय, वाटेवाटेनं जाय." गर्दी कंटाळून पांगली. जुळं सांगणारी शेवंताबाई सगळ्यात आधी गेली.

सकाळी वासरू आलं. मांजरीएवढं, मेलेलं. चांदीनं मान वळवून त्याला चाटलं, पुन्हा चाटलं, आणि मग रुखमाकडे पाहिलं. रुखमा ओक्साबोक्शी रडली. एक घुंगरू तिनं त्या इवल्याशा गळ्यात बांधलं, खेमराजनं वासरू शेताच्या धुऱ्यावर पुरलं. दुसरं घुंगरू तिनं पदराच्या गाठीत बांधून ठेवलं.

दुपारी चांदी आपली आपण उठली. पाय लटपटत होते, पण उठली. खेमराजनं पिण्याच्या पाण्याची बादली पुढे ठेवली. चांदीनं ती एका दमात रिकामी केली आणि तोंडानं ढकलून आणखी मागितलं.

रुखमा रडता रडता हसली. विहिरीवर जाऊन तिनं बादली पुन्हा भरली. पण काठोकाठ नाही, चार बोटं उणी.