चाळिसावा पानटोप्या

“मागं फीर,” गंगाधर म्हणाले.

“आप्पा, मागचं सगळं बघून झालंय.”

“जाताना बघितलं. येताना कुटं बघितलं?”

अमृतानं उसासा टाकला. समोर टीव्हीवर तिचा सामुराई बांबूच्या बनातल्या एका देवळापाशी उभा होता. डोक्यावर गवताची टोपी, कमरेला दोन तलवारी आणि चेहरा असा, की याला गेल्या वर्षभरात कुणी जेवायला बोलावलं नसावं. देवळापुढची घंटा वाजवली, की या खेळात माणूस क्षणात दुसऱ्या कुठल्याही देवळापाशी जाऊन उभा राही. पायपीट वाचे. गंगाधरांना मात्र ही घंटा पहिल्या दिवसापासून खपत नव्हती. चालत गेलेल्या माणसानं चालत परत यावं, मधेच गडप होऊ नये, असं त्यांचं म्हणणं.

खरं तर अमृता बंगळुरूहून चार दिवसांसाठी घोरावाडीला आईवडिलांकडे आली होती. दुसऱ्याच दिवशी मित्रांबरोबर लोहगडावर गेली आणि पायऱ्यांवर फोटो काढून घेताना घसरली. घोट्याचं हाड मोडलं, पाच आठवड्यांचं प्लास्टर बसलं. फोटो श्रीयश काढत होता आणि “अजून जरा मागे हो” असंही तोच म्हणाला होता. त्या अपराधाची भरपाई म्हणून त्यानं आपलं खेळाचं मशीन आणून दिलं आणि वर एक पैजही लावली. या खेळात चाळीस चिमुकली भुतं लपलेली आहेत, मला छत्तीस सापडली, तू चाळीस शोधून दाखव. पण नेटवर उत्तर बघायचं नाही.

ती भुतं मोठी गोड होती. मूठभर आकाराची, फुगऱ्या गालांची, डोक्यावर पान पालथं घातलेली. रस्ता चुकून गावोगाव लपून बसलेली. सापडलं, की ते भूत कमरेत वाकून नमस्कार करी आणि आपल्या झाडाकडे धूम ठोके. त्यांचं जपानी नाव गंगाधरांच्या जिभेवर बसेना. त्यांनी आपलं सोपं करून टाकलं: पानटोप्या. एक असला तर पानटोप्या, चार असले तर पानटोपे.

पहिले आठ दिवस गंगाधर नुसते शेजारी बसून पावट्याच्या शेंगा सोलत. तलवारबाजीत त्यांना काडीचा रस नव्हता. पण एका दुपारी त्यांनी शेंग सोलता सोलता सहजच म्हटलं, “त्या घराच्या वळचणीला सगळी मडकी उभी हाईत, एकच का पालथं?” अमृतानं ते मडकं फोडलं. आतून पानटोप्या निघाला. त्या दिवसापासून शेंगा अमृताच्या आईच्या, भागुबाईंच्या वाट्याला आल्या आणि गंगाधरांची खुर्ची टीव्हीच्या दिशेनं दोन हात पुढं सरकली.

यात नवल काहीच नव्हतं. गंगाधरांनी रेल्वेत एकतीस वर्षं हेच केलं होतं. ते चावीवाले होते. घोरावाडीपासून देहूरोडच्या अलीकडपर्यंत रोज रुळावरून चालत जायचं, रूळ धरून ठेवणारी प्रत्येक चावी बघायची, ढिली झालेली हातोड्यानं ठोकून बसवायची, कुठं तडा दिसतोय का ते पाहायचं. जाताना एक रूळ, येताना दुसरा. हजार सारख्या वस्तूंतली एक वेगळी कुठली, हे त्यांचे डोळे न विचारता सांगत.

अशा रीतीनं एकोणचाळीस सापडले होते. चाळिसावा काही हाती लागेना. सोमवारी प्लास्टर निघणार होतं, मंगळवारी अमृता बंगळुरूला जाणार होती आणि आज बुधवार उजाडला होता.

“हा एक सापडला की सुटले बाई,” ती आदल्या दिवशीच म्हणाली होती. “मशीन लगेच श्रीयशला परत. मग ऑफिसचं साठलेलं काम घेऊन खोलीत बसते.”

तर आज अमृतानं कुरकुरत सामुराईला मागं फिरवलं आणि तो बांबूच्या बनातून पुलाकडे चालू लागला.

“हळू,” गंगाधर म्हणाले. “ह्याला कसली गाडी पकडायचीय?”

पुलापलीकडे उतरणीवर दगडी दिव्यांची रांग होती. जाताना त्यांची तोंडं दिसत. आता पाठी दिसत होत्या. प्रत्येक दिव्याच्या पाठीला एक गोल भोक आणि भोकात काळोख. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्याच्या भोकात हिरव्या पानाचं टोक हललं.

नेमका तेव्हाच अमृताचा फोन वाजला. ऑफिसचा. तिनं खेळ थांबवला आणि पाठ वळवून ती इंग्रजीत बोलू लागली. गंगाधरांनी तोंड उघडलं होतं. ते त्यांनी तसंच मिटलं.

फोन संपवून ती वळली. “काही दिसलं, आप्पा?”

“न्हाई,” गंगाधर म्हणाले.

हे ‘न्हाई’ तोंडातून गेलं खरं, पण त्या रात्री त्यांना भाकरी गोड लागली नाही. चावीवाल्याच्या नोकरीत एकच पाप असतं: दिसलं आणि कळवलं नाही. घरात लग्न असो, मयत असो, अंगात ताप असो. तडा दिसला की आधी लाल झेंडी आणि मग निरोप. एकतीस वर्षांत गंगाधरांच्या हातून ते पाप एकदाही घडलं नव्हतं. त्याचा त्यांना अभिमान होता. आणि आता म्हातारपणी, एका पानटोप्यापायी, पोटच्या पोरीशी ते खोटं बोलले होते.

का बोलले, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. अमृता लहान असताना ते पहाटे बाहेर पडत आणि दमून येत. ते जरा मोकळे झाले तोवर ती कॉलेजात, मग नोकरीत, मग बंगळुरूत. बापलेक एका खोलीत, एकाच गोष्टीकडे बघत बसलेत असं गेल्या वीस वर्षांत घडलं नव्हतं. पानटोप्या सापडला की हे संपलं. अजून पाच दिवस आहेत, तर पाच दिवस राहू दे की त्या पोराला दिव्यात, त्याचं काय जातंय, असं ते स्वतःला समजावत होते.

गुरुवारी त्यांनी तिला बर्फाचा डोंगर धुंडाळायला लावला. शुक्रवारी मिठागरं. शनिवारी तर एका पडक्या किल्ल्याचा दगड न् दगड. अमृतानं पुलाचं नाव काढलं, की हे म्हणत, “त्यो भाग झालाय की.” शोधाशोध रिकामी जात होती, पण गप्पांना मात्र ऊत आला होता.

“आप्पा, आठवतं? पाचवीत मी वर्गात सांगितलं होतं, माझे वडील चावीवाले आहेत. आणि बाईंनी कपाटाचं कुलूप काढून दिलं, म्हणाल्या वडिलांकडून किल्ली करून आण.”

“आठवतंय तर!”

“तुम्ही आणलीत की करून. दुसऱ्या दिवशी.”

गंगाधर हसले. “म्या कशाला करतोय? तळेगावात बाजारपेठेत एक जण बसायचा, त्याच्याकडनं करून घेतली. दोन बारी चुकली, तिसऱ्या बारीला लागली.”

“मग सांगायचं ना, की आम्ही तसले चावीवाले नाही!”

“तू येवढी ऐटीत सांगून आलतीस. तुला खोटी कशाला पाडू?”

अमृता एवढी हसली, की टीव्हीवर सामुराई कड्यावरून खाली पडला आणि मेला. स्वयंपाकघरातून भागुबाई म्हणाल्या, “मारला वाटतं परत त्याला. त्याच्या आईला काय वाटत असंल!”

भागुबाईंच्या नजरेतून मात्र काही सुटत नव्हतं. शनिवारी त्यांनी नवऱ्याच्या ताटातली अर्धी भाकरी उचलली आणि विचारलं, “अवं, पोटात दुखतंय का मनात?”

“काय न्हाई गं.”

“मग पोरगी हसती तवा तुमी खाली का बघताय? उधारी बुडवल्यागत?”

गंगाधरांनी पाणी पिऊन विषय बदलला.

रविवारी दुपारी श्रीयशचा फोन आला. संध्याकाळी मशीन न्यायला येतो म्हणाला. अमृतानं कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि टीव्हीच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहिलं. चाळिसापैकी एकोणचाळीस.

“जाऊ दे, आप्पा. नाही सापडत. हरले मी,” ती म्हणाली. “तुम्ही इतके दिवस डोळे फोडून बसलात, तुमचेही कष्ट वाया गेले. सॉरी हं.”

हे ‘सॉरी’ ऐकलं आणि गंगाधरांना बसवेना. पोरगी हरलेली नसताना हरले म्हणत होती आणि वर आपलीच माफी मागत होती. ते खुर्चीतून उठले. साहेबापुढं उभं राहायचे तसे, हात मांड्यांना लावून, ताठ उभे राहिले.

“पुलाच्या पल्याड, उतरणीला. दगडी दिव्यांची रांग. येताना पाचवा दिवा, मागच्या अंगाला,” ते म्हणाले. “बुधवारी दिसला. कळवला न्हाई.”

अमृता बघतच राहिली. “बुधवारी?”

“व्हय.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मला तीन दिवस बर्फात आणि मिठात फिरवलंत? आप्पा!”

“चूक झाली.”

“पण का?”

गंगाधरांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. भागुबाई लाटणं हातात घेऊन दारात येऊन उभ्या होत्या, तेव्हा तिकडून मदत येण्याची चिन्हं नव्हती.

“त्यो सापडला असता, तर तू उठून गेली असतीस,” ते म्हणाले.

“कुठे उठून जाणार होते?” अमृता ओरडली. “पाय प्लास्टरमध्ये आहे माझा!”

आधी भागुबाईंना हसू फुटलं, त्यांच्यामागून अमृताला, आणि शेवटी गंगाधरांनाही. पण ते जरा जपून हसले, कारण गुन्हा अजून माफ झालेला नव्हता. अमृतानं डोळे पुसले आणि कंट्रोलर उचलला. घंटा वाजवून ती पुलाजवळच्या देवळापाशी पोचू शकली असती. तिनं वाजवली नाही. सामुराईला तिनं बांबूच्या बनातून पार चालवत आणलं, पूल ओलांडला आणि पाचव्या दिव्यामागं नेऊन उभं केलं. पानटोप्या बाहेर आला, कमरेत वाकला आणि धावत सुटला. आकडा चाळीस झाला. पडद्यावर कसल्याशा पाकळ्या उधळल्या.

“शिकला गं बाई नमस्कार,” भागुबाई म्हणाल्या आणि पोळी करपल्याच्या वासानं आत पळाल्या.

गंगाधर खुर्चीत टेकले. आता ती मशीन बंद करेल, म्हणून ते वाट बघत होते. तिनं बंद केलं नाही. सामुराई दिव्यापाशी उभा होता आणि ती बापाकडे बघत होती.

“आप्पा, तुम्हाला किती सापडले?”

“निम्मे तरी माजेच की.”

“हे नाही. रुळावर. तडे.”

गंगाधरांनी विचार केला. “मोठे म्हणशील तर चार.”

“एकतीस वर्षांत चार?”

“चार लय झाले. एक बी सापडू नये असंच म्हणत निघायचं असतंय.”

“आणि बाकीचे दिवस?”

“बाकी दिवस काय न्हाई. चालत जायचं, चालत यायचं. गाडी आली की बाजूला हुबं ऱ्हायचं. गाडी गेली की परत चालायचं.”

कॉलेजची चार वर्षं अमृता रोज सकाळी घोरावाडीहून त्याच रुळावरून पुण्याला गेली होती. कानात गाणी घालून. गाडी का वेळेवर जाते, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

“म्हणजे मी गाडीत असायचे तेव्हा तुम्ही खाली उभे असायचात?”

“बहुतेक दिवस. सकाळची सातची. बायकांचा डबा, तिसरी खिडकी.”

“मला एकदाही दिसला नाहीत.”

“कशी दिसनार? तू मोबाईलमदी. आन् गाडी काय थांबतीय व्हय?”

“मग हात करायचा ना, आप्पा! हाक मारायची!”

“ड्युटीवर?” गंगाधरांना हे ऐकूनच कसंतरी झालं. “गाडी जाताना चावीवाल्यानं खाली बघायचं असतंय. चाकांकडं. कुटं धूर निघतोय का, काय लोंबतंय का. वर बघायचंच न्हाई.”

“वर बघायचंच नाही, तर मग माझी खिडकी कशी माहीत?”

एकाच दुपारी गंगाधरांवर दुसऱ्यांदा कबुली द्यायची वेळ आली होती, आणि आता खोटं बोलण्याची त्यांची तयारी नव्हती.

“तेवढी एक चूक रोज करायचो,” ते म्हणाले.